दाराला चरा पडलाय म्हणून लगेच पेंटरकडं पळू नका

फेब्रुवारीत कोल्हापुरात कसबा बावड्याच्या रस्त्याला उसाची ट्रॉली माझ्या गाडीला घासून गेली. ड्रायव्हरला पत्ताच नाही, टेपवर गाणी फुल्ल, आणि मी काच खाली करून ओरडतोय. घरी येऊन बघतोय तर मागच्या दारावर हातभर चरा, एके ठिकाणी छोटा पोचा आणि बंपरचा कोपरा खरवडलेला. गाडी सिल्व्हर, त्यामुळं लांबनंच दिसतंय.

पहिल्या गॅरेजवाल्यानं बघितल्या बघितल्या सांगितलं, अख्ख्या दरवाजाला रंग मारायला लागतोय, साडेतीन हजार. मी तयार झालोवतो खरं, पण मित्र म्हटला उद्यमनगरातल्या त्याच्या ओळखीच्या पेंटरकाकांना एकदा दाखव. काकांनी काय केलं, बाटलीतलं पाणी बोटावर घेतलं आणि चऱ्यावरनं फिरवलं. निम्म्याच्या वर चरा गायब! मग नख आडवं फिरवून म्हटले, "हितं नख अडकत न्हाई बघा, हे वरच्या क्लिअर कोटातलं हाय, घासून जातंय. आणि हितं अडकतंय, हितं पत्रा दिसतोय."

क्लिअर कोट म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण ४०-५० मायक्रॉनचा, आपल्या केसापेक्षा पातळ. म्हणून कंपाऊंड (रंग घासून चकचकीत करायची पेस्ट) लावून घासायचं ते बेतानं, सावलीत, पत्रा गार असताना, मऊ मायक्रोफायबरनं. मी हौसेनं भर उन्हात घासायला बसलोवतो, कंपाऊंड तिथंच वाळलं आणि ढगाळ डाग पडला, तो काढायला परत काकांकडंच मशीननं बफिंग करून घ्यायला लागलं. टूथपेस्टचं म्हणाल तर बारीक रेघा जरा कमी दिसतात, त्यापलीकडं काय नाही.

पत्रा दिसत होता तिथं मात्र थांबायचं नाही, कारण आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहिताय, एकदा रंगाखालनं गंज धरला की तो आतल्या आत पसरतोय. मिरगाच्या आत तेवढ्या जागेला प्रायमर आणि वर टच-अप लावून घेतला. कलर कोड दाराच्या खांबावर नाहीतर बॉनेटखाली स्टिकरवर असतो, तो बघूनच रंग घ्या. तरी मेटॅलिकमध्ये शंभर टक्के मॅच होत नाही, बायको म्हणते दाराला तीळ आलाय.

अख्खा दरवाजा का नको तर कंपनीत रंग १४० डिग्रीच्या आसपास भाजलेला असतो, गॅरेजात तेवढी उष्णता देता येत नाही, प्लास्टिक-वायरी सगळं वितळंल, म्हणून कंपनीसारखा रंग परत बसत नाही. शिवाय विकताना गिऱ्हाईक म्हणणार गाडी ठोकलेली दिसतीया.

इन्शुरन्सचाही विचार केलावता. पण लहान गाडीला पहिले १००० आपल्याच खिशातनं जातात, वर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, बुडतोय, पाच वर्षं क्लेम नसंल तर तो ५० टक्क्यांपर्यंत असतो. एवढ्याशासाठी कोण घालवतंय!

पोचा आतनं दाबून काढला, रंग फुटला नव्हता म्हणून जमलं. बंपर तसाच ठेवलाय, प्लास्टिक आहे, गंजायचा प्रश्न नाही. दिवाळीच्या सुमाराला साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतीलच परत, आणि उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतीलच.