आमची वाटचाल : केबल काढली तेव्हा

सुरुवातीला आम्ही दोघंच होतो. एक टेबल, एक सोल्डरिंग स्टेशन आणि भाड्याने आणलेला, अँटेना तपासायचा नेटवर्क अ‍ॅनालायझर. काम एकच धरलं होतं : अल्ट्रावाइडबँडसाठी, म्हणजे खूप रुंद पट्ट्यावर आखूड स्पंद पाठवणाऱ्या रेडिओसाठी, लहान अँटेना. 2002 साली अमेरिकेच्या दूरसंचार नियामक एफसीसीने 3.1 ते 10.6 गिगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरासाठी खुला केला, पण शक्तीची मर्यादा उणे 41.3 डीबीएम प्रति मेगाहर्ट्झ इतकी कडक ठेवली. सिग्नल मुळातच एवढा क्षीण, की अँटेनाने वाया घालवलेला प्रत्येक डेसिबल थेट पल्ल्यातून वजा होतो. म्हणूनच हे काम आम्हाला मोलाचं वाटलं, आजही वाटतं.

अडचण जागेची. 3.1 गिगाहर्ट्झला तरंगलांबी जवळपास 97 मिलिमीटर, अँटेनाला साधारण लागणारा तिचा पाव भाग 24. आमच्या पहिल्या ग्राहकाला अख्खा टॅगच, म्हणजे अंतर मोजायचं छोटं रेडिओ उपकरण, त्याहून फार मोठा नको होता. आम्ही 1.6 मिलिमीटर जाडीच्या एफआर-4 या नेहमीच्या सर्किट बोर्डावर 22 बाय 28 मिलिमीटरचा पसरट मोनोपोल (एकाच भुजेचा अँटेना) बसवला. खालच्या कडा गोलसर केल्या, फीडच्या, म्हणजे सिग्नल आत येतो त्या जागेच्या, खाली ग्राउंडला (बोर्डावरच्या तांब्याच्या थराला) छोटी खाच दिली. अ‍ॅनालायझरवर परत फिरणाऱ्या सिग्नलचा आलेख पूर्ण पट्टाभर उणे 10 डेसिबलच्या खाली होता, म्हणजे दहा टक्क्यांहून कमी शक्ती परत येत होती. त्या रात्री आम्ही घरी गेलोच नाही, पुन्हा पुन्हा मोजत बसलो.

नमुने पाठवले आणि तीन आठवड्यांनी निरोप आला : टॅगचा पल्ला ठरल्याच्या निम्मासुद्धा भरत नाही.

चिपवर, सोल्डरिंगवर, प्लॅस्टिकच्या डबीवर, सगळीकडे संशय घेऊन झाला. मग एका दुपारी मोजणी चालू असताना भागीदाराने केबल सरळ करायला हातात धरली आणि पडद्यावरचा आलेख 4 गिगाहर्ट्झच्या आसपास हलला. हात कनेक्टरपासून लांब सरकवला, तो आणखी वेगळा हलला. अँटेनाला कुणी शिवलंही नव्हतं.

तिथे सगळं कळलं. एवढ्या लहान अँटेनात ग्राउंडसुद्धा अँटेनाच असतो. ग्राउंड अपुरा पडला की प्रवाह केबलच्या बाहेरच्या आवरणावर उतरतो आणि केबलही प्रसारण करू लागते. आमचा सुंदर आलेख निम्मा केबलचा होता. टॅगमध्ये केबल नव्हतीच, होती फक्त एक बटण बॅटरी, आणि ग्राहकाचा चॅनेल नेमका 4 गिगाहर्ट्झचा.

ग्राहकाला खरं काय ते सांगितलं आणि काम नव्याने मांडलं. सिम्युलेशनमध्ये बॅटरी आणि डबी धरली, ग्राउंडच्या कडेने इंग्रजी एल आकाराची पट्टी वाढवून प्रवाहाला वाट दिली. मोजताना केबलवर तिच्यावरचा प्रवाह अडवणारे फेराइटचे मणी चढवू लागलो. शेवटची खात्री मात्र बॅटरीवर चालणारा छोटा ट्रान्समीटर बोर्डावरच बसवून करतो, मग केबलचा प्रश्नच उरत नाही. त्या ग्राहकाने दुसरी ऑर्डर दिली, आणि तिच्यातून आम्ही स्वतःचा अ‍ॅनालायझर घेतला.

आता बरीचशी कामं 6.5 आणि 8 गिगाहर्ट्झच्या चॅनेलची येतात. एकेक चॅनेल जेमतेम 500 मेगाहर्ट्झचा. पूर्ण पट्टा हवाच, असं कुणी म्हणालं की मी आधी चिप कोणती ते विचारतो, कारण चॅनेल चिपवर ठरतो. खालची मर्यादा 6 गिगाहर्ट्झवर आली तर पाव तरंगलांबी साडेबारा मिलिमीटरवर येते, आणि वाचलेली जागा स्पंदाचा आकार सांभाळायला वापरता येते. अंतर मोजणाऱ्या टॅगसाठी ते फार महत्त्वाचं, कारण वेळेतली नॅनोसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याची चूक म्हणजे 3 सेंटिमीटर.

सध्या टेबलावर मनगटी पट्ट्यातला टॅग आहे. त्वचेपासून 5 मिलिमीटरवर नीट चालतो, 2 मिलिमीटरवर आणला की शरीर सिग्नल पिऊन टाकतं. मागे अखंड ग्राउंड दिला तर शरीराचा त्रास कमी होतो, पण बँडविड्थ (पट्ट्याची रुंदी) आकसते. आज सकाळी सातवा नमुना कापून आलाय. कनेक्टर लावून झाला की फेराइट चढवून मोजायला घेतो.