बंद कुलर

नागपुरात एप्रिलमध्ये रात्री कुलर बंद ठेवणं म्हणजे येडेपणाच. पण आमच्याकडे अकरा रात्री झाल्या, बंदच आहे. बाबा समोरच्या खोलीत एकटे झोपतात आणि कुलरच्या घरघरीत त्यांचा खोकला ऐकू येत नाही. म्हणून दाराबाहेर चटईवर मी, तोंडाला मास्क, अंगावर ओला दुपट्टा.

कोरोनामुळे 15 मार्च 2021 ला शहरात पुन्हा लॉकडाऊन लागला तेव्हा आम्ही नुसती कुरकुर केली होती. बाबांचा पहिला डोस झालेला, होळीला पुरणपोळ्याही झाल्या. एप्रिलच्या मध्यावर त्यांना ताप आला.

गल्लीतल्या पाच घरांत मिळून ऑक्सिमीटर एकच, शेजारच्या काकूंचा. सॅनिटायझरनं पुसून, पिशवीत घालून तो या फाटकावरून त्या फाटकावर टांगला जातो. एका सकाळी काकूंनी स्वतःचं बोट घातलं तर 89! मुलानं गाडी काढली, दवाखान्यांना फोन सुरू, बेड कुठेच नाही. मग गच्चीवरून कोणीतरी ओरडलं, "काकू, आधी नेलपॉलिश पुसा नं!" पुसलं, 97 आलं. काकू दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत.

बाबांचं मात्र खरोखरच 93-94. पालथं झोपवा, छातीखाली उशी द्या, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. बाबा म्हणजे मालगाडीचे रिटायर्ड गार्ड. "मी काय तान्हं पोट्टं आहो का?" म्हणून चिडले.

शेवटी ऐकलं ते दवाखान्यांसाठी ऑक्सिजनचे टँकर आणणाऱ्या रेल्वेगाडीमुळे, ऑक्सिजन एक्स्प्रेसमुळे. 19 तारखेला नवी मुंबईतल्या कळंबोलीहून सात रिकामे टँकर वॅगनवर चढवून गाडी विशाखापट्टणमला निघाली, आणि तीही आपल्या नागपूरवरूनच गेली, हे कळल्यावर बाबांचा आवाजच बदलला. "टँकरची उंची पाहा लागते. वर 25 हजार व्होल्टची तार राह्यते, मधात पूल येतात. अन् भरून येताना गाडी धडधडत नाही आणता येत, आतलं लिक्विड हिंदकळते." मी दारातून म्हटलं, पालथे झोपाल तरच पुढचं ऐकीन. सौदा पटला. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास.

गाडी परत निघाली तेव्हा ते उशीत तोंड खुपसून हिशेब करत होते. "आता रायगडा आलं असन. आता टिटलागढ." मी वहीत एका बाजूला ऑक्सिजनचे आकडे लिहायचे, दुसऱ्या बाजूला त्यांची स्टेशनं. स्टेशनं बरोबर होती की नाही, देव जाणे. गाडी त्यांच्या डोक्यात चालली होती.

23 च्या रात्री ती नागपुरात पोचली. तीन टँकर इथे उतरले, चार नाशिकला पुढे गेले.

"तीनच?" बाबा म्हणाले.

मग बराच वेळ काही बोलले नाहीत. खोकलेही नाहीत. मी उठून दाराला कान लावला.

काल सकाळी 96 होतं, सहा मिनिटं चालून 95. संध्याकाळी आतून आवाज आला, "आज तरी कुलर लाव वं, पोरी." लावला. ताज्या वाळ्याचा वास घरभर झाला, आईला मिनिटभरात झोप लागली.

अर्ध्या तासानं मीच उठून बंद केला.