ओहोटीच्या हिशेबाने काढलेले नऊ दिवस

नाशिक, माघ वद्य नवमी, रात्र

अंदमानहून परतून आज दोन दिवस झाले, तरी पहाटे साडेचारला जाग येणे काही थांबलेले नाही. त्याचे कारण थकव्यापेक्षा भूगोलात अधिक आहे. नाशिक आणि अंदमान यांच्या रेखांशांत सुमारे एकोणीस अंशांचा फरक असून प्रत्येक अंशाला चार मिनिटे धरली, तर सूर्य तिथे आपल्यापेक्षा सव्वा तास आधी पोहोचतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच चालते. त्यामुळे तिथे सायंकाळी साडेपाचला सूर्य बुडालेला असायचा, आणि ज्या वेळी आमच्या गंगापूर रोडवर लोक फिरायला बाहेर पडतात त्या वेळी आम्ही दोघी बहिणी काळोखात बसून लाटांचा आवाज ऐकत असायचो. धाकटी पहिल्याच दिवशी म्हणाली, "ताई, इथे उशिरा उठणाऱ्याचा अर्धा दिवस बुडाला समज." मी उशिरा उठणारी आहे, हे तिला सगळ्यांसमोर सांगायचे होते, एवढेच.

प्रवासाची तिथी मी निवडली होती. पौर्णिमेच्या चांदण्यात समुद्रकिनारा पाहावा, ही माझी जुनी हौस. म्हणून दिनदर्शिका समोर ठेवून माघी पौर्णिमा धरली आणि तिच्या मागेपुढे रजा टाकली. ही निवड किती बरोबर आणि किती चूक होती, ते तिथे गेल्यावर एकेका दिवसाने समजत गेले.

पहिला मुक्काम श्री विजयपुरमला, म्हणजे 2024 पर्यंतच्या पोर्ट ब्लेअरला. नाशिकहून गेलेल्या माणसाला परतल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, हे ठाऊक असल्यामुळे सेल्युलर जेलला आधी गेलो. 1906 मध्ये पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या, सायकलच्या आऱ्यांसारख्या फाकलेल्या, सात इमारतींपैकी आज तीनच उरल्या आहेत. नाशिकजवळच्या भगूरच्या सावरकरांची कोठडी पाहिली, 1911 ते 1921 ही वर्षे मनात मोजली, आणि मग गच्चीवर गेलो. गच्चीवरून समोर नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, म्हणजे पूर्वीचे रॉस, इतके जवळ दिसते की हाक मारली तर ऐकू जाईल असे वाटावे. तुरुंगाला भिंती कशासाठी बांधल्या असतील, हा प्रश्न मला तिथेच पडला. कारण जिकडे पाहावे तिकडे पाणी होते, आणि कैद्यांच्या दृष्टीने खरी भिंत तीच असणार. पाण्याकडे त्या नजरेने पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी त्यावरून सहलीसाठी निघताना मन जरा अवघडले, हे इथे लिहून ठेवते.

शहीद द्वीपला, म्हणजे नीलला, सरकारी बोटीने गेलो. परतीचा एक टप्पा मात्र एका खासगी बोटीचा होता आणि त्याविषयी माझी तक्रार आहे. गारेगार बंद दालन, जाड काच, समोर मोठ्याने चाललेली चित्रफीत, आणि बाहेर उभे राहण्यास मनाई. दोन बेटांमधला समुद्र ज्याला पाहायचाच नाही त्याच्यासाठी ही सोय उत्तम आहे. सरकारी बोट संथ चालते, तिच्यात डिझेलचा वास येतो, पण कठड्याशी उभे राहता येते. आणि कठड्याशी उभे राहिल्यामुळेच आम्हाला उडते मासे दिसले, पाण्यातून निसटून, पंख ताठ धरून, लाटांच्या वरून बाणासारखे सरळ जाणारे आणि मग टपकन नाहीसे होणारे. बेटे ओळीने मागे पडत होती आणि ती बेटांसारखी दिसतच नव्हती. भूगोलाच्या पुस्तकात वाचलेली गोष्ट तिथे डोळ्यांना पटली: ही म्यानमारमधल्या आराकान योमा डोंगररांगेची पाण्याखाली बुडालेली शेपूट आहे, आणि आपण जिथे हिंडतो आहोत ते डोंगरांचे माथे आहेत. श्रावणात ब्रह्मगिरीवरून पाहताना धुक्यातून आजूबाजूची शिखरे जशी तरंगत वर येतात, तसेच. फरक इतकाच की इथले धुके कधीच विरत नाही.

नीलवरच्या गावांची आणि किनाऱ्यांची नावे रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर अशी आहेत. पूर्व बंगालमधून विस्थापित होऊन आलेल्या कुटुंबांनी हे बेट वसवले. पंचवटीतून आलेल्या आम्हा दोघींना लक्ष्मणपूरचा रस्ता विचारताना हसू आवरेना. बेट लहान, सपाट आणि भाजीपाल्याने हिरवेगार आहे. इथली भाजी इतर बेटांवर जाते, हे कळल्यावर धाकटीने मळ्यातल्या वांग्यांची आपल्या बाजार समितीतल्या वांग्यांशी तुलना केली आणि निकाल आपल्या बाजूने दिला.

पौर्णिमेची निवड सार्थकी लागली ती या बेटावर. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, उधाण येते, आणि भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटी खाली उतरते, हे शाळेत शिकले होते. पण नाशिककराच्या पाण्याच्या कल्पना गोदावरीवर पोसलेल्या असतात. आपल्याकडे पाणी वर्षातून एकदा पावसाळ्यात चढते, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले की छातीला, याची चर्चा गावभर होते, आणि मग नदी पुढच्या वर्षापर्यंत रामकुंडाच्या पायऱ्यांखाली निमूट वाहते. इथे तोच चढउतार दिवसातून दोनदा होतो आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. प्रतिपदेला दुपार कलताना आम्ही लक्ष्मणपूरच्या दगडी कमानीकडे चालत गेलो, तेव्हा भरतीच्या वेळी पाण्याखाली असणारा खडक दूरवर उघडा पडला होता. त्या खडकाच्या खळग्यांतून साचलेल्या पाण्यात काळ्या समुद्रकाकड्या, तारामासे, आणि निळ्या-जांभळ्या ओठांचा एक मोठा शिंपला, जो आमची सावली पडताच मिटला. वाटाड्याने एकच नियम घातला होता: पाय फक्त कोरड्या, मेलेल्या खडकावर टाकायचा, कारण ज्याला आपण दगड समजतो त्यातला काही भाग जिवंत प्रवाळ असतो. त्यामुळे अर्ध्या तासाच्या त्या चालीत मान एकदाही वर झाली नाही. पाणी परत फिरू लागल्यावर तो आम्हाला घाईने बाहेर घेऊन आला. मागे वळून पाहिले तेव्हा ज्या खळग्यापाशी आम्ही सर्वांत जास्त वेळ उभ्या होतो, तो दिसेनासा झाला होता.

तिथून स्वराज द्वीपला, म्हणजे हॅवलॉकला गेलो. 2018 च्या डिसेंबरमध्ये या तिन्ही बेटांची नावे बदलली, पण खलाशी अजून दोन्ही नावे वापरतात आणि तिकिटाच्या रांगेत त्यावरून गोंधळ होतो.

तृतीयेला कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद, छोटी होडी. बोटीच्या कठड्यावरून समुद्र खाली असतो. कयाकमध्ये बसल्यावर तो कमरेपाशी येतो, आणि दोघांमध्ये प्लास्टिकची एक पातळ कड तेवढी असते. शिकवणाऱ्या तरुणाने पहिल्या दहा मिनिटांत सांगितले की वल्हे हातांनी मारू नका, कमरेतून वळा. हात थकतात, पाठ थकत नाही. हे मला समजले, पण माझ्या हातांना समजायला तास लागला. चढत्या भरतीबरोबर आम्ही कांदळवनातल्या खाडीत शिरलो. पाणी आम्हाला आत नेत होते आणि वल्ह्याचे काम केवळ दिशा राखण्याचे होते. दोन्ही बाजूंना कांदळाची मुळे कमानींसारखी पाण्यात उतरलेली, आणि फांद्यांना वीतभर लांबीची हिरवी रोपे लोंबत असलेली. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते आणि तयार रोपच भाल्यासारखे खाली सुटते. ओहोटीत पडले तर चिखलात रुततेच, भरतीत पडले तर तरंगत दुसऱ्या किनाऱ्याला लागते. बेटांच्या प्रदेशात राहण्याची याहून शहाणी तयारी मला सुचत नाही. हात पाण्यात घालायचा नाही, अशी ताकीद होती, कारण या खाड्यांतून खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. 2010 मध्ये याच बेटाजवळ एका परदेशी पर्यटक स्त्रीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. मी हात तर घातला नाहीच, पण त्यानंतर तरंगणारा प्रत्येक ओंडका दोनदा पाहिला.

परतायला उशीर केला तो मी. एका वळणावर एक निळा खंड्या बसला होता आणि मला तो जवळून पाहायचा होता. तेवढ्यात पाणी फिरले. भरतीने ज्या वाटेने सहज आत आणले, ती वाट परतताना निम्म्या रुंदीची झाली होती, दोनदा कयाकचा तळ चिखलाला घासला, आणि एकदा तर त्या तरुणाला गुडघाभर चिखलात उतरून आम्हाला ओढावे लागले. तो काही बोलला नाही. मला मात्र त्याच्या न बोलण्याची लाज वाटली.

आता पौर्णिमेच्या चुकीविषयी. रात्री वल्हे मारताना पाणी निळे उजळते, ते पाहण्याची धाकटीची इच्छा होती. पाण्यातले सूक्ष्म एकपेशीय जीव हलले की क्षणभर प्रकाश देतात. पण तो इतका मंद असतो की चांदण्यात दिसत नाही. पौर्णिमेच्या मागेपुढे असे काही दिसणार नाही, असे सगळ्यांनीच सांगितले आणि तिने ते मुकाट ऐकले. वाट तिनेच काढली, आणि तीही उपवासामुळे. चतुर्थी होती, तिची संकष्टी. चंद्रोदयाची वेळ तिला तोंडपाठ असते. नाशिकला चंद्र नऊ वाजून गेल्यावर उगवणार, म्हणजे इथे सव्वा तास आधी, आठच्या सुमारास. आणि सूर्य तर साडेपाचलाच बुडतो. मधले दीड-दोन तास पूर्ण काळोखाचे. तिने हा हिशेब मांडल्यावर कयाकवाला हसला आणि तयार झाला.

ओहोटी असल्यामुळे खाडीत शिरणे शक्य नव्हते. धक्क्याजवळच्या खोल पाण्यातच फिरलो. पहिली काही मिनिटे काही दिसले नाही. मग वल्हे उचलले तेव्हा त्याच्या पात्यावरून ओघळणारे थेंब उजळलेले होते, आणि ते जिथे पडले तिथेही ठिणग्या उमटल्या. आमच्या खालून एक मासा गेला. मासा दिसला नाही, त्याची रेघ दिसली. धाकटी पुढे बसली होती, तिने मागे वळून न पाहता फक्त "ताई" म्हटले. पूर्वेकडे आभाळ पिवळसर होऊ लागल्यावर पाण्यातला उजेड हळूहळू कमी होत गेला. तिने किनाऱ्यावर येऊन चंद्राला हात जोडले, गुळाचा खडा नैवेद्य म्हणून दाखवला, आणि शहाळे व केळी यांवर उपवास सोडला.

पंचमीला हत्तींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या किनाऱ्यापर्यंत जंगलातून चालत गेलो. एकेकाळी लाकूड ओढण्यासाठी आणलेल्या हत्तींवरून हे नाव पडले. बहुतेक लोक तिथे बोटीने जातात. चालत जाण्यात घाम आणि चिखल याखेरीज फारसे काही पदरात पडले नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवते.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा राहिल्या. तिकडचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो आणि गाडीच्या काचेतून माणसे पाहायला जाणे आम्हा दोघींनाही नको होते. त्याऐवजी शेवटच्या दिवशी सिप्पीघाटला थांबलो. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात उत्तर अंदमानचा काही भाग वर उचलला गेला आणि दक्षिणेकडची जमीन खचली. इथली भातशेती तेव्हापासून खाऱ्या पाण्याखाली आहे. ही एकच भरती परत फिरली नाही.

आज दुपारी धाकटीचा फोन आला. पुढच्या वेळी उत्तर अंदमानातल्या दिगलीपूरला जायचे, रस्त्याने नव्हे तर जहाजाने, असे तिचे म्हणणे आहे. तिथे रॉस (हे रॉस वेगळे) आणि स्मिथ ही दोन बेटे वाळूच्या एका पट्ट्याने जोडलेली आहेत आणि ओहोटीला एकावरून दुसऱ्यावर चालत जाता येते. मी म्हटले, मग पुन्हा पौर्णिमाच धरावी लागेल. ती म्हणाली, "अगं, उधाण अमावास्येलाही असते. ओहोटीही मोठी आणि रात्रही काळी." पन्नाशी उलटलेल्या मला हे ठाऊक नव्हते असे नाही; सुचले नव्हते. तेव्हा पुढच्या वर्षीची पौष अमावास्या ठरली आहे. अमावास्येला घराबाहेर पडायचे, हे आईला कोणी सांगायचे, ते मात्र अजून ठरलेले नाही.