तुम्ही विचारलंत म्हणून: मुंबईच्या हॉटेलांची कार्डं मी काहून जमवतो

हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. लोक काउंटरच्या काचेखाली देवाचे फोटो नाहीतर लेकरांचे फोटो ठेवतात, मी जुन्या मुंबईतल्या हॉटेलांची पोस्टकार्डं ठेवलीत. सर्व्हर डाऊन असला की सातबारा निघेपर्यंत माणूस दुसरं करणार काय, काचेवर कोपर टेकवून खाली बघत बसतो आणि मग तो प्रश्न येतोच. "काहून गा भाऊ, तू कधी राह्यला का या हाटेलात? मंग कायले जमा करून ठेवलं हे?" दिवसातून दोनदा तरी. मी काहीतरी थातूरमातूर सांगून मोकळा होतो, आज नीट सांगतो.

पहिलं कार्ड मी विकत घेतलेलं नाही. आईचे आजोबा एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये दिवाणजी होते, त्यांचा एक पत्र्याचा डबा आमच्याकडे आला, त्यात पावत्या, एक फुटका चष्मा आणि हे कार्ड. समुद्रातून काढलेला ताजमहाल हॉटेलचा फोटो, पुढं शिडाच्या होड्या, आणि गंमत म्हणजे गेटवे ऑफ इंडिया नाहीच. मला वाटलं फोटो काढणाऱ्यानं दुसऱ्या बाजूनं काढला असेल. तसं नव्हतं, गेटवे तेव्हा बांधलाच नव्हता. ताज सुरू झालं १६ डिसेंबर १९०३ ला, गेटवेची कोनशिला १९१३ ची आणि काम पुरं झालं १९२४ ला. म्हणजे वीसेक वर्षं बोटीनं येणाऱ्याला आधी हॉटेल दिसायचं, सरकारची कमान नंतर आली. मागच्या बाजूला मोडीत चार ओळी होत्या, त्या वर्ध्याच्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडून वाचून घेतल्या. गाठी पोचल्या, भाव उतरलाय, पुढची खरेदी दमानं करा, एवढंच. पुढं राजवाडा आणि मागं कापसाचा भाव! लिहिणारा माणूस ताजच्या पायरीवरही चढला नसणार, उतरला असेल काळबादेवीत एखाद्या अडत्याच्या पेढीवर, पण कार्ड घेतलं ताजचं.

तिथून मला नाद लागला. नागपूरला सीताबर्डीवर एका रद्दीवाल्याकडे काही भेटले, बाकीचे ऑनलाइन, आणि बायकोला खरी किंमत मी आजवर सांगितलेली नाही.

काळा घोड्याजवळच्या वॉटसनच्या हॉटेलचं कार्ड बघा, माझ्याकडचं सगळ्यात खराब झालेलं, एक कोपरा वाळवीनं खाल्लेला. हे उघडलं १८७१ ला. अख्खा सांगाडा बिडाचा, सुटे भाग इंग्लंडात ओतून जहाजानं आणले आणि जत्रेतला पाळणा खोलून-जोडून उभा करतात तसं पाच मजली हॉटेल इथं उभं केलं. डिझाईन ऑर्डिश नावाच्या इंजिनिअरचं, लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनच्या छतात ज्याचा हात होता तोच. पण एवढा पैसा मुंबईत आला कुठून? तर १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस बंद पडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना आपला कापूस पाहिजे झाला. भाव असा चढला की मुंबईचे दलाल रातोरात शेठ झाले (आणि युद्ध संपल्याबरोबर तितक्याच लवकर बुडाले, ते वेगळं). त्याच सुमारास किल्ल्याची तटबंदी पाडली, मोकळी झालेली जागा विकायला निघाली आणि त्यातल्या एका तुकड्यावर वॉटसन उभा राहिला. आता वऱ्हाड आणि वर्धेचं खोरं म्हणजे कापसाचं आगर, आमच्या हिंगणघाटच्या नावानं तर व्यापारात कापसाची जातच ओळखली जायची. १८६७ ला रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, १८७० ला खामगावचा फाटा उघडायला खुद्द व्हाईसरॉय मेयो आला, कशासाठी? हवा खायला तर नाही ना. आधी बंडीनं जाणारा माल मग रेल्वेच्या वाघिणीनं जायला लागला. कुलाब्याला कॉटन ग्रीन, म्हणजे कापसाचा मोठा बाजार, होतं तेव्हा, १९२० नंतर ते शिवडीला गेलं, म्हणजे ताजला साहेब चहा पीत असेल तेव्हा तिथून थोड्याच अंतरावर गाठींच्या थप्प्या लागलेल्या असायच्या. एकाही कार्डावर त्या दिसत नाहीत, मी भिंग लावून शोधल्यात.

वॉटसनमध्येच ७ जुलै १८९६ ला फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली, तिकीट एक रुपया, आपले सावेदादा, म्हणजे फोटोग्राफर हरिश्चंद्र भाटवडेकर, तो खेळ बघून आले आणि त्यांनी परदेशातून कॅमेराच मागवला. त्याच वर्षाच्या जानेवारीत अमेरिकन लेखक मार्क ट्वेन तिथं उतरला होता आणि त्याच्या लक्षात काय राहिलं तर मुंबईचे कावळे. त्याचं त्यानं भरभरून लिहिलंय, आणि बरोबरच लिहिलंय. पुढं हॉटेल बंद पडलं, इमारतीत वकिलांच्या खोल्या झाल्या, २००५ ला एक भाग कोसळला.

आता ताजचं. व्हॉट्सॲपवर दर सहा महिन्यांनी येतं की जमशेटजी टाटांना वॉटसनमध्ये घेतलं नाही म्हणून त्यांनी रागानं ताज बांधलं. ऐकायला भारी वाटतं पण पक्का पुरावा कोणी दाखवत नाही. दुसरं येतं की नकाशा उलटा लागला, हॉटेलचं तोंड मागं झालं आणि आर्किटेक्टनं जीव दिला. हे तर मला अजिबात पटत नाही. मुख्य दार शहराच्या बाजूलाच ठेवलेलं होतं, आता स्विमिंग पूल आहे तिकडं, बग्ग्या तिथून यायच्या. आणि मूळ आराखडा करणारे रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य, आपला मराठी माणूस, व्हीटीच्या बांधकामावर काम केलेले, ते १९०० लाच वारले, इमारत पुरी व्हायच्या तीन वर्षं आधी. पुढचं काम चेंबर्स नावाच्या आर्किटेक्टनं केलं. वैद्यांचं नाव कोणाला माहीत नाही आणि खोटी आत्महत्या सगळ्यांना तोंडपाठ, याचा मला खरंच राग येतो.

पण माझ्या दृष्टीनं मुद्दा वेगळाच आहे. ताज उठलं त्याच्या जवळपास सत्तावीस वर्षं आधी, १ जानेवारी १८७७ ला, जमशेटजींनी गिरणी काढली ती मुंबईत नाही, नागपुरात. एम्प्रेस मिल. लोक हसले होते म्हणतात, पण त्यांचं गणित सरळ होतं, कापूस जिथं पिकतो तिथंच कातायचा, भाडं वाचतं. त्या मिलनं बख्खळ नफा दिला. आता मी काही हिशेबाच्या वह्या बघितल्या नाहीत की अमुक रुपया नागपूरचा आणि तमुक विटेत गेला, पण ज्या माणसानं स्वतःच्या खिशातून हॉटेल बांधलं त्याचा खिसा भरण्यात आमच्या पऱ्हाटीचा हात होता हे कोणीही मान्य करेल. म्हणून कोणी विचारलं, "तुह्या गावाचा अन् ताजचा काय संबंध?" की मी म्हणतो, बाप्पा, पाया आपलाच हाय. मिलच्या जागेवर आता नागपुरात मॉल आहे, तिथं मी एकदा चप्पल घ्यायला गेलो होतो.

कार्डाचं वय कसं काढायचं हेही विचारतात, तर ताजशेजारी ग्रीन्स हॉटेल दिसलं की ते जुनं, कारण त्या जागेवर १९७३ ला ताजचा टॉवर आला. ट्राम घोड्याची असली तर फोटो बहुतेक १९०७ च्या आधीचा, त्या वर्षी विजेची सुरू झाली. रंगावर मात्र जाऊ नका! फोटो काळा-पांढरा, छपाई बऱ्याचदा जर्मनीत, आणि रंग भरणाऱ्यानं मुंबई बघितलेलीच नाही, त्यामुळं माझ्या एका कार्डात समुद्र पोपटी आहे आणि हमालाचं धोतर गुलाबी.

राहता राहिला पहिला प्रश्न, मी कधी राहिलो का. मी नाही. बाबा राहिले.

मॅजेस्टिक हॉटेल, रीगल टॉकीजच्या समोर, चेंबर्सचंच डिझाईन, एकेकाळी ताजच्या पंगतीला बसणारं. स्वातंत्र्यानंतर त्याचं आमदार निवास झालं आणि खाली सहकारी भांडार. १९५६ पर्यंत आमच्या लोकांची कामं नागपुरातच व्हायची, राजधानीच तिथं होती, मग विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि फाईल मुंबईला गेली की माणूसही मुंबईला. बाबांचं धरणात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याचं काम एका ऑफिसात अडकलं होतं. आमदारांची चिठ्ठी, एक पिशवी, भाकरी-ठेचा आणि रात्रीची गाडी. एका खोलीत नऊ जण, बाबा खिडकीखाली सतरंजी टाकून चार रात्री झोपले. काम झालं नाही, ते पुढं सहा वर्षांनी झालं.

मागच्या दिवाळीत मला मॅजेस्टिकचं कार्ड भेटलं, वर इंग्रजीत नाव, खाली व्हिक्टोरिया गाड्या, टोपीवाले साहेब. बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, कार्ड नाकाजवळ धरलं, मजले मोजले आणि एका खिडकीवर नख टेकवलं. "इथं होती माही सतरंजी. रातभर समुद्राची हवा ये." मग कार्ड उलटून बघत म्हणाले, "केवढ्याचं पडलं?"

मी चारशे सांगितले. होते नऊशे.

"चारशे?" बाबा म्हणाले. "मी त फुकट झोपलो होतो ना बे."