खर्रा गालाच्या कोणत्या थरात मुरतो

शाळेत ऊतींचे चार प्रकार पाठ करून घेतात: अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता. चारही एकाच जागी हाताला लागावेत असं वाटत असेल तर आपला गाल पुरे. अंगठा तोंडात, तर्जनी बाहेर, आणि गाल अलगद चिमटीत धरा. निरोगी गाल ओल्या मऊ कापडासारखा सरकतो. पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुन्याचं मिश्रण, वर्षानुवर्षं दाबून ठेवणाऱ्याच्या गालात मात्र चिमटीला उभी, ताठ दोरी लागते. नागपुरात अशी तोंडं फार आहेत, आणि त्यातली बरीच पोरं विशी-पंचविशीतली आहेत.

आतलं अस्तर म्हणजे स्तरित अभिस्तर ऊती, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. पेशी एकावर एक, घट्ट रचलेल्या. रक्तवाहिनी एकही नाही, पोषण खालून झिरपतं. तळाच्या पेशी विभागत राहतात, नव्या वर सरकतात, जुन्या गळून लाळेबरोबर जातात. गालाचं अस्तर असं साधारण दोन आठवड्यांत नवं होतं. चहाने पोळलेलं तोंड म्हणूनच लवकर भरतं. आणि फसगत होते तीही इथेच: खर्ऱ्याने सोललेलं तोंड आठ दिवसांत बरं झालं की माणूस निर्धास्त होतो.

बिघाड त्याखालच्या संयोजी ऊतीत चाललेला असतो. इथल्या फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजेनचे धागे विणतात आणि जुने धागे मोडीतही काढतात. सुपारीतलं अरेकोलीन विणकाम वाढवतं. सुपारीतलं तांबं लायसिल ऑक्सिडेज या विकराला (एन्झाइमला) जोर देतं, आणि हे विकर शेजारच्या धाग्यांना आडवे टाके घालतं. वर सुपारीतल्या टॅनिनमुळे धागे मोडणाऱ्या विकराची मात्रा चालेनाशी होते. विणणं वाढलेलं, मोडणं मंदावलेलं. आवळलेल्या जाळ्यात रक्तवाहिन्या दबतात, म्हणून गाल आतून पांढुरका दिसतो. रक्त कमी पोचलं की वरचं अस्तर पातळ होतं, चेतातंतूंची टोकं जवळजवळ उघडी पडतात, आणि सावजी रस्सा तर सोडाच, वरणाची फोडणीही झोंबते. पुढे ताठरपणा गालाच्या स्नायूत उतरतो. गाल फुगवता येत नाही, शिट्टी वाजत नाही, जीभ पूर्ण बाहेर येत नाही. डॉक्टर याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात.

वर सांगितलेलं सगळं सुपारीचं काम आहे. ‘तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी’ यात सुटका नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं आहे.

घरी तपासायचं तर तर्जनी, मधलं आणि अनामिका ही स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून समोरच्या दातांमध्ये घाला. जात नसतील तर पट्टी घ्या, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. मोठ्या माणसात 35 मिलिमीटरच्या खाली आकडा आला की दंत महाविद्यालयात दाखवा. खर्रा लगेच बंद केला तर वाढ थांबू शकते, पण पडलेले टाके आपोआप सुटत नाहीत. इंजेक्शन असो वा दोऱ्या कापण्याची शस्त्रक्रिया, त्यानंतर तोंड उघडण्याचा व्यायाम रोज, महिनोन्‌महिने करावाच लागतो. तो टाळला की जखम भरताना पुन्हा तेच कोलॅजेन आवळतं.

तोंडातला व्रण किंवा पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर तुकडा काढून तपासतात. भंडारा-गडचिरोलीहून नातेवाईक तो बाटलीतून नागपूरला आणतात, आणि पुष्कळदा नुकसान वाटेतच होतं. तुकडा 10 टक्के फॉर्मेलिनमध्ये (ऊती आहे तशी टिकवणाऱ्या द्रवात), त्याच्या किमान दहापट द्रवात, रुंद तोंडाच्या बाटलीत हवा. फॉर्मेलिन तासाला साधारण एक मिलिमीटर आत शिरतं. साध्या पाण्यात पेशी फुगून फुटतात, स्पिरिटमध्ये आक्रसतात, बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या तर स्फटिक त्यांना फाडतात. कोरड्या गॉजमध्ये गुंडाळलेला तुकडा मे महिन्याच्या उन्हात काही तासांतच स्वतःच्या विकरांनी विरघळू लागतो.

काचपट्टीवर केंद्रकं निळी-जांभळी आणि कोलॅजेन गुलाबी रंगतं. निरोगी गालात गुलाबी धागे लाटांसारखे, मधे मोकळी जागा ठेवून पसरलेले दिसतात. खर्ऱ्याच्या गालात तिथे सलग, गुळगुळीत गुलाबी पट्टा असतो, पेशी मोजक्याच. पण खरा प्रश्न असतो तो अस्तराच्या बिघडलेल्या पेशी तळाचा पडदा फोडून या थरात उतरल्या आहेत का, हा. वरवरचा पापुद्राच घेतला असेल तर त्याचं उत्तर देता येत नाही. मग तुकडा पुन्हा घ्यावा लागतो, या वेळी खोल.