बोटभर जागा

"हात जोड गं. सगळ्यांनी जोडलेत ना?"

लेकाचा डबा घरी राहिला होता, तो द्यायला सकाळी शाळेत गेले तेव्हा परिपाठ चालू होता. तिसरीच्या रांगेत एक मुलगी ताठ उभी. प्रार्थना म्हणत नव्हती, पण गडबडही करत नव्हती. बाई ओरडल्या नाहीत, मायेनेच म्हणाल्या.

तिने हात जोडले. पण तळवे टेकलेच नाहीत. मध्ये बोटभर जागा ठेवून ती शेवटपर्यंत तशीच उभी राहिली. ती बोटभर जागा दिवसभर डोळ्यासमोरून हलेना.

प्रार्थना मलाही आवडते. शाळेतली चाल आजही भाकऱ्या थापताना ओठांवर येते. पण सरकारमान्य शाळेत मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक उपासनेची सक्ती करता येत नाही, हे संविधानाच्या कलम २८ मध्ये स्वच्छ लिहिलंय. नाशिकच्या एका शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला होता. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

ते मोठे होते, कोर्टात जाऊ शकले. ही जेमतेम आठ वर्षांची. कारण काय, ते तिला कुणी विचारलंही नाही. घरचा धर्म वेगळा असेल, किंवा नुसतंच मन नसेल.

उद्या बाईंशी बोलणार आहे. त्या मनाने चांगल्या आहेत, म्हणूनच जपून बोलायचंय. तुमच्यात कुणी शिक्षक असाल तर सांगा, सुरुवात कशी करू?