पॅकिंगच्या फोमवर कणकुंबी

बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत मुक्कामाला जाणार असाल तर पांघरुणाच्या आधी अंथरुणाचा विचार करा. बेळगावात त्या दिवसांत पहाटे पारा बारा-पंधरा अंशांवर येतो, घाटमाथ्यावर थंडी आणखी झोंबते. हवेतला गारठा चादरीनं भागतो. खालची फरशी मात्र रात्रभर अंगातली ऊब ओढत राहते. स्लीपिंग बॅगचा पाठीखालचा भाग आपल्याच वजनानं चेपलेला असतो, त्यामुळे त्या बाजूनं तिचा काही उपयोग नाही.

यावर आम्ही शोधलेला इलाज म्हणजे पॅकिंगचा फोम. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातून निघतो तो पांढरा, मऊ, गुंडाळता येणारा; थर्माकोल नव्हे. बेळगाव फाउंड्र्यांचं गाव. मशीनचे पार्ट गुंडाळायला हा माल लागतोच. पॅकिंगच्या सामानाच्या दुकानात ‘ईपीई शीट’ (म्हणजे पॉलिथिनचा फोम) म्हटलं की रोलमधून हवा तेवढा कापून देतात. काय गुंडाळायचंय, असं दुकानदारानं विचारलं तर आमच्यातला एक माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “ह्यालाच की!”

जाडी १० मिलिमीटर घ्या. तीन मिलिमीटरचा, लॅमिनेट फ्लोअरिंगखाली घालतात तो, दुहेरी करूनही फरशी टोचते. १८० बाय ५० सेंटिमीटरचा तुकडा वजनाला पाव किलोच्या आत बसतो. परदेशी कंपन्यांच्या घडीच्या मॅटमध्ये नावाजलेली झी लाइट सोल ४१० ग्रॅमची आहे आणि थंडी अडवण्याचा तिचा आकडा, म्हणजे आर-व्हॅल्यू, २.० आहे. आपला १० मिलिमीटरचा फोम हिशेबानं दीडच्या आसपास जातो, अंगाखाली दबला की थोडा कमी. हिमालयात हे चालणार नाही, खानापूर तालुक्यात भरपूर झालं. कुशीवर झोपणाऱ्यांनी खांदा ते कंबर एवढ्या भागाला दुसरा थर घालावा, नाहीतर सकाळी कंबरडं मोडल्यासारखं होतं.

घेताना अंगठ्यानं दाबून बघा. खळगा लगेच भरून आला तर माल चांगला. खड्डा तसाच राहिला तर पुढच्या दुकानात जा. गादीवाल्याकडचा पिवळा स्पंज हातात मऊ लागतो म्हणून भुलू नका. तो पाणी पितो. आमच्यातल्या एकानं सोफ्यातून निघालेला तुकडा आणला होता. पहाटेच्या दवानंतर तो पिळावा लागला आणि दिवसभर सॅकवर ओलं ओझं झाला. पांढऱ्या फोमची छिद्रं बंद असतात, त्यामुळे फडक्यानं पुसला की कोरडा.

पहिला मुक्काम कणकुंबीला, माउलीच्या देवळात. मलप्रभा इथंच उगम पावते. बेळगावहून जांबोटीमार्गे बस आहे. पाट्या बऱ्याचदा कन्नडमधून असतात, तेव्हा कंडक्टरला विचारून चढा. देवळात पथारी टाकण्याआधी पुजाऱ्यांना विचारा आणि गाभाऱ्याकडे पाय करून झोपू नका. फरशी अशी गार की उघडा तळवा टेकवत नव्हता. फोमवर पातळ लुंगी अंथरली, कारण उघड्या फोमला घाम चिकटतो आणि स्लीपिंग बॅग घसरते. झोप लागली. चारच्या सुमारास हात मॅटवरून खाली गेला तेव्हा फरक नीट कळला.

दुसऱ्या दिवशी जांबोटीच्या बाजूला चालत निघालो आणि वाटेतल्या एका वाडीत खळ्यावर राहिलो. भाताची मळणी झालेली, कडेला पिंजराची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची गंजी. घरातल्या आजोबांनी आमच्या गुंडाळ्या बघितल्या आणि म्हणाले, “पोरानो, ते पांढरं कशाला? पिंजर हाय की ढीगभर.” त्यांचं म्हणणं निम्मं खरं. नुसतं पिंजर अंगाला खाजतं आणि रात्रीत बाजूला सरकतं. वीतभर पिंजर, वर फोम, ही जोडी मात्र घरच्या गादीला भारी पडली. सकाळी पिंजर होतं तिथं परत नेऊन टाका, ते गुरांचं खाणं आहे.

फोम सॅकच्या बाहेर बांधू नका. करवंदीच्या जाळ्यांतून एकदा गेलात की कडा कुरतडल्यासारख्या होतात आणि पांढरे कण रानात सांडत जातात. सॅकच्या आत पाठीच्या बाजूला घडी करून ठेवा, पाठीला आधारही होतो. घडीसाठी साधारण २२ सेंटिमीटरच्या आठ पट्ट्या कापा आणि जोड एकदा वरून, एकदा खालून टेपनं चिकटवा. पॉलिथिनला साधा गोंद धरत नाही, त्यामुळे त्या फंदात पडू नका. एका बाजूला चंदेरी चमकी लावलेला फोम मिळतो, पण चमकी जमिनीला किंवा अंगाला टेकली की तिचा फारसा उपयोग नाही. समोर हवेची पोकळी असेल तरच ती ऊब परतवते. शेकोटी आणि स्टोव्हपासून लांब राहा. हा फोम वितळतो, पेटतो आणि जळते थेंब गाळतो. उघड्या सड्यावर वारा असेल तर आधी सॅक ठेवा, मग मॅट उलगडा.

भीमगड अभयारण्याची हद्द याच भागात आहे. तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करू नका. पावसाळ्यात हा बेत आखू नका; जळवा फोमवरही चढतात.

काही मुक्कामांनंतर कमरेखालच्या पट्ट्या चपट्या होतात. त्या कापून पायाकडे लावा, पायाकडच्या मध्ये आणा. खर्च फक्त टेपचा.